एस्तेर टीचर वजन विचारत नाहीत

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते सॅकच्या तळाशी राहिलेल्या मोज्यांसारखे असतात. कुठल्या ट्रेकचे, कुणाचे, काही आठवत नाही; पण सॅक उलटी केली की पडतातच. आमच्या क्लबाकडे दोर चार आहेत आणि किस्से चारशे!

नगरच्या मार्केट यार्डात एका कांद्याच्या आडतीच्या वर आमच्या गिर्यारोहण क्लबाची खोली आहे. अध्यक्ष नाना. बँकेतून रिटायर्ड. गेल्या दहा वर्षांत त्यांनी चढलेली सगळ्यात मोठी चढण म्हणजे क्लबाचा जिना. पण बोलायला बसले की हिमालय त्यांच्या परसात आहे असं वाटतं.

आणि सगळ्या किश्शांच्या मधोमध एस्तेर टीचर. पूर्वी शाळेत पीटी शिकवायच्या. धौलागिरीच्या माथ्यावर जाऊन आलेल्या. आठ हजार मीटरच्या वरचा डोंगर, हवा नाही, पाणी नाही. पेपरांत फोटो, चौकाचौकांत फ्लेक्स, सगळं झालं. परत आल्या तेव्हा उजव्या हाताची अडीच बोटं तिथेच राहिली होती.

मला मात्र एकच गोष्ट हवी होती. टीचरच्या दोराच्या एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला मी. बस्स! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येमध्ये मी का चिडते ते कळेल.

*

मी पाचवीत होते. टीचर आमच्याच शाळेत. सव्वीस जानेवारी. प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा उघडेना. पुन्हा ओढली. वरची गाठ कप्पीत अडकलेली. पाहुणे घामाघूम, बँडवाली मुलं गाल फुगवून तयार, शिपाई शिडी शोधायला गेला तो गेलाच.

टीचरनी चपला काढल्या. पदर खोचला. आणि त्या खांबावर चढल्या! सरळ. नारळाच्या झाडावर चढावं तशा. आख्खी शाळा वर बघतेय, मुख्याध्यापिकाबाईंचा हात तोंडावर. टीचरनी वर जाऊन गाठ सोडवली, झेंडा फडकला, त्यातल्या पाकळ्या त्यांच्याच केसांत पडल्या.

सगळ्यांना वाटलं, आता त्या वरून जय हिंद वगैरे म्हणणार. टीचरनी तिथूनच चारही बाजूंना नीट पाहिलं आणि ओरडल्या,

"बाई, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं आहे! पोरं तेच पाणी पितायत!"

त्या दिवशी घरी जाऊन मी आईच्या साडीचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं दाराच्या कडीला, आणि माळ्यावरून उडी टाकली. कडीने काही मला धरलं नाही. कपाळावर खूण अजून आहे.

*

धौलागिरीहून आल्यावर टीचरचे सत्कार सुरू झाले. आमच्याकडे माणसाने काहीही केलं तरी शिक्षा एकच: शाल, नारळ आणि तीन तास खुर्ची.

दोन-तीन वर्षांनंतरच्या श्रीगोंद्याच्या सत्काराला नाना मलाही घेऊन गेले होते. 'क्लबची तरुण पिढी' म्हणून दाखवायला. स्टेजवर हा मोठा बॅनर: 'एव्हरेस्टकन्या एस्तेर टीचर यांचा भव्य नागरी सत्कार!'

टीचर नानांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "नाना, एव्हरेस्ट नाही हो. धौलागिरी."

नाना म्हणाले, "टीचर, लोकांना एकच डोंगर माहीत आहे. एवढ्यातेवढ्याचं कशाला मनावर घेता? उंचच आहे ना तोही?"

"मग कळसूबाई लिहा. तिथे तरी मी नक्की गेलेय."

नाना हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. टीचर मात्र भाषणाला उभ्या राहिल्या आणि पंधरा मिनिटं फक्त कळसूबाईवर बोलल्या! कुठल्या वळणावर पाणी मिळतं, शिड्यांना पाऊस झाल्यावर कसं धरायचं, उतरताना टाच कशी टाकायची. खाली शेवटच्या ओळीतल्या दोन बायकांनी पिशवीवर पेनाने लिहून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्या दोघी जाऊनही आल्या. नानांचा एव्हरेस्ट ऐकून अजून कोणी गेल्याचं मला माहीत नाही.

*

बोटांचा किस्सा नाना वेगवेगळा सांगतात. एकदा वादळ होतं. एकदा हिमकडा कोसळला होता. एकदा तर टीचरनी एका परदेशी माणसाला तीन तास एका हाताने लोंबकळत धरून ठेवलं होतं! तो माणूस दर वेळी देश बदलतो. मागच्या खेपेला तो स्पेनचा होता.

मी एकदा टीचरना तोंडावरच विचारलं. त्या चहा गाळत होत्या. डाव्या हातात पातेलं, गाळणी उजव्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मध्ये.

"हातमोज्याला नाडी असते. ती मनगटात अडकवायची असते. मी अडकवली नव्हती. वारा आला, मोजा गेला. माझी चूक. साखर किती?"

बस! तीन तास नाहीत, स्पेन नाही.

पण त्या चुकीपासून क्लबात नियम आहे. सरावाला प्रत्येकाने लोकरीचे हातमोजे घालायचे, नाडी मनगटात अडकवायची, मोजा काढायचा, सोडायचा, पुन्हा घालायचा. शंभर वेळा. भर मे महिन्यात! मांजरसुंब्याच्या तापलेल्या कातळाखाली आम्ही दहा जण लोकरीचे मोजे घालून रांगेत बसलेलो. एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकून बराच वेळ बघत राहिला. मग जवळ येऊन माझी मैत्रीण शबनम हिला हळूच म्हणाला,

"पोरी, थंडी वाजून ताप आलाय का समद्यांला? गोळ्या हायेत माझ्याकडं."

*

आता वजनाचं सांगते. हे आमच्या क्लबातच चालतं, दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

कातळावर चढताना दोराच्या एका टोकाला चढणारा आणि दुसऱ्या टोकाला धरणारा. वरचा पडला तर खालच्याने त्याला धरायचं. धरणारा फारच हलका असेल तर पडणारा खाली येतो आणि धरणारा वर उडतो. म्हणून दर शनिवारी आम्ही आडतीतल्या कांद्याच्या काट्यावर वजन करतो. गोण्या बाजूला सारायच्या, एकेकाने उभं राहायचं आणि आकडा ज्याचा त्याने वाचायचा. कोणाच्या तरी पाठीला कांद्याचं साल चिकटलेलं असतंच.

आणि टीचरचा नियम असा, की धरणाऱ्याने पडणाऱ्याला वजन स्वतः विचारायचं. सगळ्यांदेखत. डोळ्यांत बघून. "तुझं किती?" आणि त्याने खरं सांगायचं. ज्याने वजन विचारलं, त्याने धरायची जबाबदारी घेतली. मग माघार नाही.

शबनम म्हणते, "आपल्याकडे वजन विचारलं की साखरपुडाच झाला म्हणायचा!"

अक्षय नावाचा आमचा एक मेंबर तीन किलो कमी सांगायचा. कारण हलक्या शबनमनेच आपल्याला धरावं, असं त्याला वाटायचं. टीचरनी त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "तीन किलो खोटं बोललास. कातळावर ते तीन किलो शबनमच्या खांद्यातून जातील. आज तू कुणाच्याच दोरावर नाहीस. दोर गुंडाळत बस." अक्षय दिवसभर दोर गुंडाळत बसला. शबनम त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. आता बोलते. फार बोलते!

मी क्लबात आल्यापासून, म्हणजे चार वर्षं, भिंतीवरच्या फळ्यावर वजनं लिहायचं काम माझ्याकडे आहे. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे. पहिलं नाव टीचरचं. त्यापुढची जागा कोरी. टीचर काट्यावर उभ्या राहत नाहीत आणि कुणाला वजन विचारत नाहीत. शिकवतात, ओरडतात, गाठी तपासतात, पण कुणाचा दोर धरत नाहीत. मी दर शनिवारी फळा पुसते, पहिलं नाव पुन्हा लिहिते, पुढे जागा सोडते. चार वर्षं! त्या जागेवर खडूचा एक ठिपकासुद्धा पडलेला नाही.

*

पाथर्डीकडच्या एका शाळेत टीचरना बोलावलं होतं. मीही गेले. एसटीतून उतरल्यापासून धूळ. पोरं पत्र्याच्या शेडखाली बसलेली. बरीच घरं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे आजी-आजोबांकडे राहणारी मुलंच जास्त. शाल घालून झाली, नारळ झाला, भाषण झालं. नाना म्हणाले, "विचारा मुलांनो प्रश्न! लाजू नका!"

एक सातवीतली पोरगी उठली.

"तितं पानी असतंय का?"

"नसतं. बर्फ वितळवून प्यावं लागतं," टीचर म्हणाल्या.

"आमी बी रोज डोंगुर चढतो. डोक्यावर दोन हंडे घिऊन. आमचा सत्कार कवा हाय?"

हेडमास्तर उठलेच! "ए, बस खाली!" नाना घाईघाईने टाळ्या वाजवायला लागले, म्हणजे विषय संपेल. हे मोठ्या माणसांचं नेहमीचं. प्रश्न आला की टाळ्या! माझं डोकं फिरलं, मी काहीतरी बोलणार एवढ्यात टीचर उठल्या, अंगावरची शाल काढली, पोरीजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर घातली.

नानांच्या डोळ्यांत पाणी. फोटोग्राफर पुढे सरकला.

पोरगीने शाल काढून टीचरच्या हातात परत दिली.

"शाल नको. ऊन लई हाय. नारळ द्या."

*

आमच्याकडे दोर म्हातारा झाला की त्याचे तुकडे करतात. नाहीतर कोणीतरी चांगला दिसतोय म्हणून त्यावर चढायचा आणि मरायचा. धौलागिरीहून आल्यावर टीचरनी स्वतःचा दोर अंगणात पसरला, बोटाबोटाने चाचपला, दोन ठिकाणी चिरलेला सापडला. विळी आणली आणि पाच तुकडे केले. गल्लीत वाटून टाकले!

पहिला तुकडा शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला. दुसरा एका घरात पाळण्याला. तिसरा सायकलच्या कॅरिअरला, चौथा बादलीला. आणि सगळ्यात लांब, मधला तुकडा, ज्यावर टीचरनी पिवळ्या लोकरीने खूण शिवली होती, तो बबन गवळ्याला. त्याच्या चंद्री नावाच्या म्हशीला बांधायला.

सहा वर्षांनी नानांना सुचलं, की क्लबात काचेची पेटी करायची आणि त्यात धौलागिरीचा दोर ठेवायचा. आमदारांच्या हस्ते उद्घाटन! नाना यादी घेऊन गल्लीत फिरले. काकूंनी दारातच अडवलं.

"न्या की. पण मग माझ्या परकरांचं काय? तेही पेटीत ठेवणार का?"

सायकल विकली गेली होती, बादली विहिरीत होती, पाळण्यात बाळ झोपलेलं होतं. उरला बबनचा तुकडा.

मला तो दोर पेटीत जाऊ द्यायचा नव्हता. खरं सांगते, मला तो हवा होता. त्यावर चढता येत नाही हे मला माहीत होतं. तरी हवा होता. कधीतरी त्याच्या एका टोकाला टीचर होत्या ना!

*

त्याच आठवड्यात मी टीचरशी भांडले. मांजरसुंब्यावरच. माझा नंबर आला, मी दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक सरळ टीचरच्या पायांपाशी टाकलं.

"आज तुम्ही धरा."

टीचरनी टोक उचललं, नीट झटकलं आणि शबनमच्या हातात दिलं.

"टीचर, चार वर्षं झाली!"

"रेणू, माझ्या या हातात पकड नाही. ज्याला धरता येणार नाही त्याला मी बांधत नाही."

"कोणी ठरवलं धरता येणार नाही? तुम्ही! एकदा तरी करून बघितलंत? मला विचारलंत?"

"पडणाऱ्याला विचारायला वेळ नसतो."

"मग तुम्ही त्या नानांच्या पेटीतच जाऊन बसा!" मी म्हणाले.

मोठ्याने. कातळावरून आवाज परत आला. मी चढले. उतरल्यावर बघितलं तर टीचर आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवून बघत बसल्या होत्या. मला सॉरी म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आम्ही दोघीही गाडीत खिडकीबाहेर बघत आलो.

*

दोनच दिवसांनी बबनचा निरोप. तो चंद्रीला घोडेगावच्या बाजारात विकायला नेणार होता. नानांना घाई झाली, म्हैस गेली तर दोर गेला! मी निघाले, कारण मला नानांवर लक्ष ठेवायचं होतं. आणि टीचरही निघाल्या.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं. भांडणानंतरचं ते पहिलं वाक्य.

"सहा वर्षं तिच्या दुधाचा चहा प्यायलाय. निरोप नको द्यायला?"

घोडेगावचा बाजार म्हणजे जिथवर नजर जाईल तिथवर शिंगं. टेम्पो, धूळ, हाका, उपरण्याखाली हात घालून चाललेले सौदे. चंद्री एका कडुनिंबाजवळच्या खुंटीला उभी होती. काळीभोर, थोराड. आणि तिच्या गळ्यात धौलागिरी! निळा रंग शेणाने मळलेला, पण पिवळी लोकर जिथल्या तिथे.

नानांनी पिशवी उघडली. "बबनराव, आधी तो दोर काढून द्या बघू."

"न्हाई नाना, तसं न्हाई करता येत. आमच्यात म्हैस देत्यात, दावं देत न्हाईत. घेनारा त्याचं नवं दावं बांधनार, मंग मी माझं सोडनार. तवर थांबा."

थांबलो. तासाभराने सौदा झाला. घेणारा आपलं नवं दावं घ्यायला टेम्पोकडे गेला. आणि बबनने घाई केली. नवं दावं गळ्यात पडायच्या आधीच त्याने खुंटीची गाठ सोडली.

नेमका तेव्हाच टेम्पोने हॉर्न दिला. तोही कसला, सात सुरांचा!

चंद्री उधळली. बबन तोंडावर पडला. पुढे बायका भाकरी खात बसलेल्या, दोन लहान पोरं रेडकाशी खेळतायत. नाना "अहो! अहो!" म्हणून म्हशीला विनंती करतायत. मी धावले, पण मी कुठे पुरणार?

दोराचं टोक मातीतून सरपटत चाललेलं. टीचरनी त्यावर पाय दिला. वाकल्या. टोक उचललं, कडुनिंबाला अर्धा वेढा, कमरेमागून एक वेढा, आणि खाली बसल्या. टाचा मातीत. डावा हात पुढे, उजवा मागे, कमरेला दाबून. अंगठा, करंगळी आणि अर्धं बोट.

दोर ताणला गेला. ताणला, अजून ताणला. साधं दावं असतं तर एक तर तुटलं असतं, नाहीतर म्हशीची मान मोडली असती. हा डोंगरावरचा दोर, तो लांबला. झाड थरथरलं, टीचर वीतभर पुढे घसरल्या. चंद्रीचं एक पाऊल. अजून अर्धं. आणि ती थांबली. भाकरीच्या फडक्यापासून दोन हातांवर. मागे वळून तिने टीचरकडे असं पाहिलं, की हे काय नवीन!

बाजारातली डोकी वळली. मग एकदम गलका!

"धरली! बाईनं म्हस धरली!"

"बाईनं कुटं? झाडानं धरली," एक फेटेवाला म्हणाला.

"झाडाला बांधली कुनी मंग? तुमी?" भाकरीवाल्या बाईने त्याला तिथेच गप्प केलं.

घेणारा धापा टाकत आला, नवं दावं बांधलं. बबनने कपाळावरची माती पुसत जुनं सोडलं आणि टीचरच्या हातात दिलं. नाना पिशवी पसरून पुढे झाले. "द्या टीचर, इकडे द्या. आता तर पेटीला अजूनच..."

टीचरनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कडुनिंबाखाली तशाच बसून दोर चाचपत होत्या. बोटाबोटाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पिवळ्या लोकरीपाशी थोडं थांबल्या. मग त्यांनी उजवा तळवा उघडून पाहिला. आडवा लाल वळ उठला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"बबन, हिचं वजन किती असेल रे?"

"चंद्रीचं? आसंल की पाचशे किलो. लई खाल्लंय तिनं, टीचर."

टीचरनी मान हलवली. दोर गुंडाळून खांद्यावर घेतला, उठल्या, साडीची धूळ झटकली. आणि सगळ्यांदेखत माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"आणि तुझं किती?"